पानाच्या तळाशी नाव

गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा मी डिचोलीजवळच्या एका खाणीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर कामाला होते. खनिजाने भरलेला ट्रक वजनकाट्यावर चढला की त्याचं वजन माझ्या स्क्रीनवर यायचं आणि छापलेली चिठ्ठी मी जनेलातून, म्हणजे खिडकीतून, ड्रायव्हरच्या हातात द्यायची. ती चिठ्ठी छापणारा प्रोग्राम बाहेरच्या एका माणसाने लिहून दिला होता. प्रोग्राम अडला की त्या माणसाला फोन लावायचा आणि तो येईपर्यंत ट्रकांची रांग बघत बसायचं. ड्रायव्हरांच्या शिव्या मात्र मीच ऐकायच्या. शेवटी कंटाळून मी तो प्रोग्राम उघडून बघायला लागले. साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी रागावण्याऐवजी मला एक जाडजूड पुस्तक आणून दिलं. प्रोग्राम लिहायचं माझं शिक्षण म्हणजे ते पुस्तक आणि ती रांग.

ऑफिसला कुलूप लागल्यावर मी डिचोली बाजाराच्या मागच्या बाजूला एक छोटा गाळा भाड्याने घेतला. नवऱ्याची औद्योगिक वसाहतीतली नोकरी चालू होती, त्यामुळे घर चालत होतं. पण मला घरी बसवत नव्हतं. लग्नपत्रिका, अर्ज, शाळांच्या प्रश्नपत्रिका, जत्रेचे कार्यक्रम, जे येईल ते टाइप करून द्यायचे. कीबोर्डवर खाणीची लाल धूळ बसायची बंद झाली होती, हा एक फायदा.

एका बुधवारी, बाजाराच्या दिवशी, पेडण्याहून एक भजनी बुवा आले. साठीच्या पुढचे, अंगाने सडपातळ, आवाज मात्र गाळ्यात मावणार नाही असा. ते गावात मुलांना भजन आणि हार्मोनियम शिकवायचे. त्यांच्या पिशवीत हाताने लिहिलेली स्वरलिपी होती. कुठल्या अक्षरावर कुठला सूर, कुठली मात्रा, सगळं चौकटी आखून लिहिलेलं. त्यांना त्याची छापील पानं हवी होती, शिष्यांना वाटायला.

मी म्हटलं, "दोन दिवसांनी या, बुवा."

दोन दिवसांत ते काम होणार नव्हतं हे मला पहिल्याच पानावर कळलं. स्वरलिपीत वरच्या सप्तकातल्या सुराच्या डोक्यावर टिंब असतं, खालच्या सप्तकातल्या सुराच्या पायाशी टिंब. कोमल सुराच्या खाली आडवी रेघ. एका मात्रेत दोन सूर आले की खालून कंस. आणि हे सगळं तालाच्या खणांत बरोबर बसायला हवं. साध्या टायपिंगच्या प्रोग्राममध्ये मी एक टिंब जागेवर बसवलं की पुढची ओळ सरकायची. ओळ सरळ केली की टिंब पळायचं. बुवा आले, त्यांनी चष्मा लावला, पान लांब धरून पाहिलं आणि तिथंच गुणगुणू लागले. तिसऱ्या ओळीला थांबले.

"बाय, वयलो टिंबो सकल पडलो मगे," ते म्हणाले. वरचं टिंब खाली पडलं होतं. "आता हांगा पोरांनी वयर जावपाचें, आनी तुझो कागद सांगता सकल देंव. पोरां करतलीं कितें?"

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. मी म्हटलं, "बुवा, मला थोडे दिवस द्या. मी याच्यासाठी वेगळा प्रोग्रामच लिहिते."

त्यांना प्रोग्राम म्हणजे भजनाचा कार्यक्रम वाटला. समजावून सांगायला मला एक चहा लागला.

तो प्रोग्राम मी गाळ्यात गिऱ्हाईक नसताना लिहिला. ताल निवडला की खण आपोआप आखले जायचे. 'ग' दाबलं की 'ग' त्या मात्रेच्या मधोमध बसायचा, आणखी एक कळ दाबली की टिंब वर, दुसरी दाबली की खाली. बुवा दर बाजाराला यायचे, माझ्या शेजारच्या कदेलावर बसायचे आणि चुका दाखवायचे. मला संगीतातलं काही कळत नव्हतं. त्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्ट मुळापासून सांगावी लागायची, आणि त्यांनाही ते आवडायचं. एकदा एक सूर दोन सुरांच्या मधून घसरत जातो तो कसा दाखवायचा यावर आमची दुपार गेली. शेवटी त्यांनी बोटाने हवेत एक कमान काढली. मी स्क्रीनवर तशीच काढली. "हांऽ," ते म्हणाले, आणि उठून गेले.

पुस्तिका छापून झाली. पुढच्या आठवड्यात बुवांनी विचारलं, "तो प्रोग्राम माझ्या लॅपटॉपात घालता येतलो? आमच्या भागात आणखी दोन-तीन बुवा आसात, त्यांकाय जाय."

मी म्हटलं, "येईल की. घेऊन या लॅपटॉप."

"कितले घेतले?"

"काही नको, बुवा. तुमच्यामुळेच तर झालाय."

त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा पडला. मग ते स्वच्छ मराठीत बोलू लागले, कार्यक्रमात निवेदन करताना बोलायचे तसे. "हे बघ बाय. तू फुकट दिलंस तर उद्या तो अडला म्हणजे मी तुला फोन कुठल्या तोंडाने करायचा? एकदा करीन, दोनदा करीन, तिसऱ्यांदा मलाच लाज वाटेल. मग मी परत हाताने लिहायला लागेन. पैसे घे. म्हणजे मी हक्काने फोन करीन."

माझ्या प्रोग्रामच्या किमतीविषयी मला कुणी पहिल्यांदा काही शिकवलं ते हे. आपण किंमत घेतो ती केलेल्या कामाची असं मी धरून चालले होते. त्यांना किंमत द्यायची होती ती पुढच्या फोनांची.

घरी नवऱ्याला विचारलं. तो कारखान्यात माल पाठवायच्या विभागात होता, किमतींची भाषा त्याला कळायची.

"किती म्हणू?"

"तुला किती दिवस लागले ते धर, त्याला दिवसाचा पगार लाव आणि किती लोक घेतील त्याने भाग."

"किती लोक घेतील ते कुठे माहीत आहे?"

"मग भागणार कशाने?" तो म्हणाला आणि जेवायला लागला. थोड्या वेळाने म्हणाला, "पाचशे म्हण. पाचशेला माणूस घरी विचारायला जात नाही."

पाचशे ठरले. बुवांनी नोट हातावर ठेवली, पावती मागितली आणि ती नीट घडी घालून खिशात टाकली. त्यांच्या ओळखीचे बुवा आले. मग मयेच्या एका गाण्याच्या टीचर आल्या, घरी मुलींना शिकवून परीक्षांना बसवणाऱ्या. मग सावंतवाडीकडचे एक हार्मोनियमवाले आले. मी गाळ्यातच लॅपटॉप उघडून प्रोग्राम घालून द्यायची. महिन्यातून एखादा माणूस यायचा. फोन मात्र रोज यायचे. अमुक तालाचे खण नाहीत, छापताना कडेचं अक्षर कापलं जातं, चुकून काहीतरी दाबलं आणि सगळी टिंबं लाल झाली. मी लग्नपत्रिका टाइप करता करता खांद्याला फोन लावून उत्तरं द्यायची.

एक दिवस कुडाळहून फोन आला. बोलणारे तिथले एक बुवा होते, आवाजात घाई होती. "मॅडम, तुमच्या प्रोग्रामात रूपकाचो ठेको उलटो दिसता."

मी म्हटलं, "तुम्ही माझ्याकडून कधी घेतलात?"

"घेतलो नाय. आमच्या भाच्यान पेनड्राइव्हातून घातल्यान. नंबर तुमचो आत दिसलो म्हणान फोन केलंय."

मी त्यांना रूपक ताल सरळ करून दिला. काय करणार, चूक माझी होती. पण फोन ठेवल्यावर मला राग आला. चोरीचा म्हणावा तर त्या माणसाने उजळ माथ्याने स्वतःचं गाव सांगून फोन केला होता. मग मी चौकशी केली. कुडाळला एक, वेंगुर्ल्याला दोन, वाळपईला एक. माझा प्रोग्राम मला न विचारता बराच फिरून आला होता.

मी कुलूप घातलं. नव्या आवृत्तीत प्रोग्राम पहिल्यांदा उघडला की त्या कॉम्प्युटरची ओळख वाचायचा, एक लांब आकडा दाखवायचा. तो आकडा मला फोनवर सांगायचा, मी उलट एक चावी द्यायची. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तीच चावी चालायची नाही. मोठ्या कंपन्या करतात तसंच. किंमतही मी दीड हजार केली. कुलूप लिहायला मला मूळ प्रोग्रामच्या अर्धा वेळ लागला असेल, आणि खरं सांगायचं तर ते लिहिताना मला मजा येत होती. आता बघू कोण पेनड्राइव्ह लावतो ते.

पावसाळ्यात एका दुपारी मयेच्या टीचर गाळ्यात आल्या. छत्री दाराशी उघडी ठेवली आणि बसल्या नाहीत. गावात वीज पडून त्यांचा कॉम्प्युटर गेला होता. दुरुस्त करणाऱ्याने आतला मुख्य बोर्ड बदलून दिला. बाकी सगळं परत चालू झालं होतं, त्यांचे फोटो, मुलींच्या फियांचे हिशेब, सगळं. माझा प्रोग्राम तेवढा उघडत नव्हता. हा कॉम्प्युटर आपला नव्हे म्हणत होता. आणि परीक्षेला बसणाऱ्या मुलींची सगळी लिपी त्याच्या आत होती.

"टीचर, बोर्ड बदलला ना, म्हणून प्रोग्रामने मशीन ओळखलं नाही," मी म्हटलं. "मी दुसरी चावी देते, पाच मिनिटांचं काम."

"काल सकाळपासून तुला फोन लावतेय. लागत नव्हता."

आमच्याकडेही पावसाने फोनचं नेटवर्क गेलं होतं. ते मी सांगितलं.

"म्हणजे तुझा फोन गेला की माझं गाणं गेलं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. वर्गात न समजलेल्या मुलीला सांगतात तसं सांगत होत्या. "ते बसवलेलं सगळं माझं आहे. बंदिशी मी बसवल्या, आलाप मी लिहिले. तू मला पेन विकलंस. पेनाने माझ्या वहीला कुलूप घालायचं?"

मी चावी तयार करता करता म्हटलं, "पण टीचर, लोक कॉपी करतात हो. मशीनला ओळखलं नाही तर मी कसं थांबवू?"

"मशीन काय गातं? मी गाते. मला ओळखायला सांग त्याला."

चावी घेऊन त्या गेल्या. त्यांच्या छत्रीचं पाणी दाराशी साचलं होतं, ते पुसताना ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं. माणसाला ओळखायचं म्हणजे काय करायचं? प्रोग्रामला माणूस कसा दिसणार? त्याला फक्त नाव कळणार, आणि नाव तर कुणीही टाइप करील.

पुढचे काही दिवस मी कुलूप उसवण्यात घालवले. आधी एक गोष्ट पक्की केली. ज्याने जे लिहिलं आहे ते त्याला कधीही उघडता आलं पाहिजे, वाचता आलं पाहिजे, छापता आलं पाहिजे. परवाना असो वा नसो, मशीन नवं असो वा जुनं, मी जिवंत असो वा नसो. परवाना लागेल तो नवीन लिहायला. मग मशीनची ओळख काढून टाकली आणि परवाना माणसाच्या नावाने केला. मी जी चावी देणार तिच्यातच घेणाऱ्याचं नाव आणि गाव गुंफलेलं, त्यातलं एक अक्षर बदललं तरी चावी चालायची नाही. ती चावी त्या माणसाने घरच्या कॉम्प्युटरवर लावावी, वर्गातल्या लावावी, लेकाच्या लॅपटॉपवर लावावी, मला पर्वा नव्हती. आणि छापलेल्या प्रत्येक पानाच्या तळाशी, बारीक पण स्पष्ट अक्षरांत, ते नाव आणि गाव उमटायचं.

नाव छापायची कल्पना मला खरं तर लोकांनी परवाना विकत घ्यावा म्हणून सुचली नव्हती. कुणाची चावी कुठे गेली ते मला कळावं, एवढाच हेतू होता. त्याचा खरा परिणाम काय होईल याचा मला अंदाज नव्हता.

टीचरांच्या घरी जाऊन मीच नवी आवृत्ती घालून दिली. मयेला तळ्याच्या बाजूने जाणारा रस्ता आहे, त्या रस्त्यावर त्यांचं घर. एक पान छापून बघितलं. त्यांनी आधी टिंबं तपासली, मग तळाशी नजर गेली. स्वतःचं नाव त्यांनी दोनदा वाचलं. "हे असंच राहणार? प्रत्येक पानावर?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर त्या आत जाऊन माझ्यासाठी चहा आणि लोणी लावलेला उंडो घेऊन आल्या. आमच्यात बंद झालेलं जनेल उघडलं ते उघडंच राहिलं.

पेडण्याच्या बुवांना तर ते इतकं आवडलं की आधीची सगळी पानं त्यांनी पुन्हा छापून घेतली.

नव्या आवृत्तीत मी भजनी ठेक्याचे आणखी प्रकार घातले होते, त्यामुळे सगळ्यांना तीच हवी होती. पेनड्राइव्ह पुन्हा फिरले असणारच. दिवाळीच्या सुमाराला कुडाळच्या बुवांचा फोन आला.

"मॅडम, एक अडचण आसा."

"बोला."

"कागदाच्या खाली पेडण्याच्या बुवांचा नाव येता. ता कसा काढूचा?"

मी खुर्चीत सरळ झाले. "ती चावी त्यांची आहे ना, म्हणून त्यांचं नाव येतं."

"पण शिकवतंय मी," ते म्हणाले. "पोरां कागद घरी नेतत. घरचे वाचतत. काल एकान माका इचारल्यान, तुम्ही पेडण्याच्या बुवांकडे शिकलात काय म्हणान."

"मग काय सांगितलंत?"

"काय सांगतलंय? त्येंच्यापेक्षा माका पाच वर्सां जास्त झाली या धंद्यात."

मला हसू दाबावं लागलं. मी म्हटलं, "बुवा, तुमच्या नावाची चावी घ्या. दीड हजार. कुडाळ गावासकट छापून येईल."

"नावाआधी हभप येतला?"

"येईल."

"मगे आजच धाडा," ते म्हणाले. पैसे त्यांच्या भाच्याने फोनवरून तासाभरात पाठवले. वेंगुर्ल्याचे दोघे त्याच महिन्यात आले, वाळपईचा थोडा उशिरा. चोरी धरायला मी किती डोकं लावलं होतं. पण शिकवणाऱ्या माणसाला आपल्या शिष्याच्या हातात दुसऱ्याचं नाव द्यायला आवडत नाही, एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. कुणी खोटेपणा सोडला असं मी म्हणणार नाही. त्यांच्या मनात तो खोटेपणा कधी नव्हताच. पेनड्राइव्हातून घेणं म्हणजे शेजाऱ्याकडून झाडाची फांदी आणून लावण्यासारखं त्यांना वाटत होतं. फांदीला शेजाऱ्याचंच नाव येतंय म्हटल्यावर त्यांनी स्वतःचं रोप घेतलं.

त्यानंतर वर्षभराने पुण्याहून एक ईमेल आलं. संगीताचे वर्ग चालवणारी एक संस्था होती, बऱ्याच शहरांत शाखा असलेली. त्यांच्या एका शिक्षिकेकडे माझा प्रोग्राम होता. संस्थेच्या व्यवस्थापकांनी लिहिलं होतं की त्यांना तो सगळ्या शाखांसाठी हवा आहे. आणखी पुढे जाऊन, माझी तयारी असेल तर ते सगळे हक्क विकत घेतील. प्रोग्राम त्यांच्या नावाने निघेल आणि मी तो दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही.

मी ते नवऱ्याला दाखवलं. त्याने दोनदा वाचलं. "विकून टाक," तो म्हणाला. "एकरकमी मिळतील. तुझे ते फोन बंद होतील. जेवताना फोन, देवळात फोन."

"आणि ज्यांनी घेतलाय त्यांचं काय?"

"त्यांच्याकडे आहे की. कुठे काढून घेणार आहेस?"

तो चुकीचं बोलत नव्हता. मलाही त्या फोनांचा कंटाळा यायचा. पण मला निर्णय होईना. रविवारी मी कदंबाच्या सरकारी बसने पेडण्याला गेले. बुवा अंगणात हार्मोनियम उघडून बसले होते, भात्याला कुठे हवा जाते ते कानाने शोधत. मी सगळं सांगितलं.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा : "मग नवो ताल जाय जालो तर मी कोणाक सांगपाचो?"

"त्यांना. पुण्याला."

"ते आमचो ठेको घालतले?"

मला माहीत नव्हतं. बहुतेक घातला नसता. त्यांच्या परीक्षांत तो नव्हताच.

"बुवा, तुम्ही म्हणाल तर नाही विकत," मी म्हटलं.

"माझ्या म्हणण्यार तू आपलें नुकसान करूं नाका," ते म्हणाले. भात्यावरचा हात थांबला होता. "तुका तो विकून झोप लागतली तर वीक. पण विकूचो नसलो तर त्यांका नाही म्हणू नकोस. त्यांका जितलें जाय तितलें दी. चाव्या दी. आमकां दिता तशीच."

"त्यांना किती सांगू? दीड हजार सांगितले तर ते एवढ्या चाव्यांना कमी करायला सांगणार. जास्त सांगितले तर पळून जाणार."

मग बुवांनी मला बिदागी कशी ठरवायची ते शिकवलं. कार्यक्रमाला बोलावणारी माणसं येतात, चहा होतो, देवाच्या गोष्टी होतात आणि मग विचारतात, बुवा, कितले? तरुणपणी ते आकडा सांगून लगेच पुढे बोलायचे, म्हणजे तबलजीला इतके, गाडीला इतके, तुमचं गरीब देवस्थान असलं तर थोडं इकडे तिकडे. समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच स्वतःच अर्धे कमी करून बसायचे. "आतां मी आकडो सांगतां आनी चहा पितां," ते म्हणाले. "कपात चहा आसा तितलो वेळ उलयनां. तू सुद्धा तसंच कर. आकडा सांग आणि गप्प बस. गप्प बसणं जमत नसेल तर हातात कप धर."

सोमवारी मी पुण्याला फोन लावला. गाळ्याचं शटर अर्धं ओढलं होतं, आणि हातात खरोखरच चहाचा कप होता.

"हक्क विकायचे नाहीत," मी म्हटलं. "पण तुमच्या प्रत्येक शिक्षकाच्या नावाची चावी देईन. खाली शिक्षकाचं नाव आणि तुमच्या संस्थेचंही. चावी एकदा घेतली की कायमची. चावीचे अडीच हजार. आणि फोनवर मदत हवी असेल तर तिचे वर्षाचे वेगळे." मी वर्षाचा आकडा सांगितला. पाचशेपासून सुरुवात केलेल्या बाईच्या तोंडून तो कसा बाहेर पडला याचं मला आजही नवल वाटतं.

पलीकडे शांतता झाली. मला सवलत म्हणून बोलायचं होतं. जास्त चाव्या घेतल्या तर कमी करीन हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मी चहा प्याले. गरम होता, जीभ भाजली.

"मॅडम, ऐकताय ना?" व्यवस्थापक म्हणाले.

"ऐकतेय."

"चावी कायमची म्हणालात. उद्या तुम्ही प्रोग्राम बंद केला तर?"

"तरी तुमचं लिहिलेलं उघडेल आणि छापेल. तसाच बनवलाय."

"हे लेखी द्याल?"

"देईन."

"मग आधी निम्म्या शाखांसाठी पाठवा," ते म्हणाले. "बिल आमच्या ऑफिसच्या नावाने करा."

फोन ठेवल्यावर मी शटर वर केलं. समोरच्या फुलवालीने विचारलं, बरं नाही का म्हणून. मी म्हटलं, "बरं आहे. जीभ भाजलीय." संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो कारखान्यातून येताना बिलं कशी करायची ते सांगणारा त्यांच्याकडचा हिशेबनीस बरोबर घेऊन आला. टेबलावर कागद पसरून आम्ही तिघांनी पहिलं मोठं बिल तयार केलं. कर कुठे लिहायचा यावरून दोघांचं किरकोळ भांडणही झालं.

पुण्याच्या उरलेल्या शाखा अजून आलेल्या नाहीत. येतील किंवा नाही येणार. पण त्या बिलानंतर मी लग्नपत्रिका घेणं बंद केलं. पेडणे, डिचोली आणि सिंधुदुर्गातल्या एकट्या शिकवणाऱ्यांसाठी चावी दीड हजारांचीच ठेवली. संस्था वेगळी, माणूस वेगळा, हे मी स्वतःशी ठरवून टाकलं, आणि कुणी विचारलं तर तसंच सांगते. फोन अजून येतात. जेवताना येतात तेव्हा नवरा माझ्या ताटाकडे बघतो आणि मी उठते.

गेल्या आठवड्यात वाळपईहून दोघी बायका आल्या. एक सरकारी ऑफिसात नोकरीला, दुसरी तिची जाऊ. त्यांच्या वाड्यावरच्या म्हाताऱ्या बायकांना फुगडीची गाणी येतात, ती चालींसकट लिहून ठेवायची होती. नोकरीवाली हार्मोनियम शिकलेली होती, लिपी येत होती. तिने विचारलं, "आमचं काम दोन-तीन महिन्यांचं. तेवढ्यापुरती चावी देता का? कायमची आम्ही कशाला घ्यायची?"

थोड्या दिवसांच्या चावीचा मी कधी विचारच केला नव्हता. करणं अवघड नव्हतं. चावीत एक तारीख घालायची, बस. मी म्हटलं, "देते. किती ते तुम्हीच सांगा, मला अजून सुचलेलं नाही."

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मग जाऊ म्हणाली, "पण आमच्या गाण्यात मधेच टाळ्या येतात आणि श्वास येतो. फू करून. तो तुमच्यात लिहिता येतो?"

"नाही येत," मी म्हटलं. "कसा येतो तो श्वास? म्हणून दाखवा."

ती आधी लाजली. गाळ्याच्या दारातून लोक जात-येत होते. मग तिने साडीचा पदर खोचला, नोकरीवालीचे हात धरले आणि त्या अरुंद जागेत, प्रिंटर आणि कपाटाच्या मधे, दोघींनी हळूच एक फेर घेतला. मी मेज भिंतीला सरकवून जागा करून दिली आणि म्हटलं, "परत म्हणा. जरा सावकाश. श्वास कुठल्या मात्रेवर पडतो ते मला बघू दे."